सागरी संशोधन आणि महाराष्ट्रातील किनारी समाज

सार्वजनिक निधीतून होणारे सागरी संशोधन म्हणजे केंद्र व राज्य शासनाच्या खर्चाने चालणाऱ्या संस्थांनी समुद्र, सागरी जीव, हवामान आणि किनारपट्टी यांविषयी केलेला अभ्यास. महाराष्ट्रात या संशोधनाचा किनारी समाजाशी प्रत्यक्ष संबंध प्रामुख्याने चार मार्गांनी येतो: संभाव्य मासेमारी क्षेत्राच्या सूचना, समुद्राच्या स्थितीचे व चक्रीवादळांचे इशारे, मत्स्यसाठ्याच्या अभ्यासावर आधारलेले मासेमारीचे नियम आणि कांदळवने व सागरी जीव यांच्या संवर्धनाशी जोडलेल्या उपजीविकेच्या योजना. संशोधनाचा खर्च सर्व करदात्यांकडून होत असल्याने त्याचे फलित मच्छीमारांपर्यंत त्यांच्या भाषेत, वेळेवर आणि विनामूल्य पोहोचावे, अशी अपेक्षा असते. ही अपेक्षा काही बाबतींत पूर्ण झाली आहे, तर काही बाबतींत संशोधन व वापर यांच्यातील अंतर कायम आहे. समुद्राच्या निरीक्षणांचा उपयोग किनाऱ्यापुरता मर्यादित नाही. सह्याद्रीच्या पूर्वेकडील सातारा आणि सांगली या जिल्ह्यांतील पावसाचे व पुराचे अंदाजही अंशतः याच निरीक्षणांवर अवलंबून असतात.

पार्श्वभूमी

महाराष्ट्राचा समुद्रकिनारा परंपरेने ७२० किलोमीटर लांबीचा मानला जातो. पालघर, ठाणे, मुंबई शहर, मुंबई उपनगर, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे राज्याचे किनारी जिल्हे होत. कोळी, मांगेला, वैती, भंडारी, खारवी, गाबीत, दालदी इत्यादी समाज मासेमारीवर उपजीविका करतात. मासे पकडण्याचे काम बहुतांशी पुरुष करतात. मासळीची निवड, सुकवणी आणि विक्री ही कामे मोठ्या प्रमाणावर स्त्रियांकडे असतात.

मासेमारीच्या पद्धती प्रदेशानुसार बदलतात. पालघर, मुंबई व रायगडच्या किनाऱ्यावर बोंबील, करंदी, जवळा यांसाठी डोळ जाळी लावली जातात. हे जाळे समुद्रतळाशी खुंटांना किंवा नांगरांना बांधलेले असते आणि भरती-ओहोटीच्या प्रवाहाबरोबर मासळी त्यात येते. सिंधुदुर्गात किनाऱ्यावरून ओढली जाणारी रापण ही सामूहिक पद्धत गाबीत समाजात रूढ आहे. यांशिवाय कव जाळी, ट्रॉल जाळी आणि पर्ससीन जाळी वापरणाऱ्या यांत्रिक नौकाही आहेत. कोणते संशोधन कोणाच्या उपयोगी पडते हे पुष्कळ अंशी या पद्धतींवर ठरते.

मच्छीमारांचे स्वतःचे निरीक्षणावर आधारलेले ज्ञानही विस्तृत आहे. अमावास्या व पौर्णिमेच्या सुमारास येणारे उधाण आणि अष्टमीच्या सुमारास येणारी भांग यांनुसार डोळ जाळ्याचे दिवस ठरतात. पाण्याचा रंग, पक्ष्यांचे थवे, वाऱ्याची दिशा यांवरून मासळीचा अंदाज बांधला जातो. नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्रात न जाण्याची प्रथा पावसाळी वादळे आणि माशांचा प्रजननकाळ या दोन्हींशी सुसंगत आहे. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असा ६१ दिवसांचा मासेमारी बंदीचा कायदेशीर कालावधी याच ऋतूत येतो.

संशोधन संस्था

भारतातील सागरी संशोधन अनेक मंत्रालयांच्या अखत्यारीत विभागलेले आहे. महाराष्ट्राच्या किनाऱ्याशी संबंधित प्रमुख संस्था पुढीलप्रमाणे आहेत.

केंद्रीय सागरी मत्स्यिकी संशोधन संस्था: स्थापना १९४७. ही संस्था १९६७ मध्ये भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या अखत्यारीत आली. तिचे मुख्यालय कोची येथे असून मुंबईत तिचे केंद्र आहे. सागरी मासळीच्या उत्पादनाचा अंदाज व साठ्यांचा अभ्यास हे तिचे मुख्य काम आहे.

केंद्रीय मत्स्यिकी शिक्षण संस्था, मुंबई: स्थापना १९६१. मत्स्यशास्त्राचे उच्च शिक्षण देणाऱ्या या संस्थेला १९८९ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला.

भारतीय मत्स्य सर्वेक्षण: मुंबईत मुख्यालय असलेली ही संस्था स्वतःच्या जहाजांद्वारे खोल समुद्रातील मत्स्यसंपत्तीची पाहणी करते.

राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, दोना पावला, गोवा: आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेनंतर १ जानेवारी १९६६ रोजी वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेअंतर्गत स्थापना. मुंबईत तिचे प्रादेशिक केंद्र आहे.

भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र, हैदराबाद: स्थापना १९९९. ‘इन्कॉइस’ या संक्षिप्त नावाने परिचित असलेली ही संस्था केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या अखत्यारीत आहे. संशोधनाचे दैनंदिन सेवेत रूपांतर करणे हाच तिचा उद्देश आहे.

राज्य पातळीवर डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ, दापोली यांच्या अखत्यारीतील रत्नागिरीचे मत्स्य महाविद्यालय व सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र, तसेच २०१२ मध्ये स्थापन झालेला राज्य वन विभागाचा कांदळवन कक्ष या यंत्रणा कार्यरत आहेत.

संभाव्य मासेमारी क्षेत्राच्या सूचना

कार्यपद्धती

समुद्रात मासे सर्वत्र सारखे विखुरलेले नसतात. पोषक द्रव्यांनी समृद्ध असे थंड पाणी जेथे वर येते किंवा वेगवेगळ्या तापमानाचे दोन प्रवाह जेथे एकमेकांना भिडतात, तेथे सूक्ष्म वनस्पतीप्लवकांची वाढ होते. प्लवकांवर लहान मासे आणि लहान माशांवर मोठे मासे जगतात. त्यामुळे समुद्रपृष्ठाचे तापमान जेथे थोड्या अंतरात झपाट्याने बदलते आणि हरितद्रव्याचे प्रमाण अधिक असते, अशा पट्ट्यांत मासळी सापडण्याची शक्यता वाढते.

हे दोन्ही घटक उपग्रहांवरून मोजता येतात. प्रारंभीच्या सूचना केवळ पृष्ठतापमानावर आधारलेल्या होत्या. २६ मे १९९९ रोजी प्रक्षेपित झालेल्या ओशनसॅट-१ या भारतीय उपग्रहामुळे समुद्राच्या रंगावरून हरितद्रव्याचे प्रमाण काढणे शक्य झाले. त्यानंतर ओशनसॅट-२ (२००९) आणि ओशनसॅट-३ (२०२२) यांनी हे काम पुढे चालू ठेवले. इन्कॉइस या नोंदींचा मेळ घालून संभाव्य मासेमारी क्षेत्रे निश्चित करते. सूचनेत ठरावीक बंदरापासून किंवा दीपगृहापासूनची दिशा, अंतर, पाण्याची खोली आणि अक्षांश-रेखांश दिलेले असतात. महाराष्ट्रासाठी स्वतंत्र विभाग असून सूचना मराठीतही उपलब्ध होतात. त्या बंदरांवरील फलक, मोबाइल संदेश, ॲप आणि संकेतस्थळ यांद्वारे विनामूल्य दिल्या जातात.

मच्छीमाराच्या दृष्टीने या सूचनेचे महत्त्व डिझेलशी निगडित आहे. यांत्रिक नौकेच्या प्रत्येक फेरीचा मोठा भाग इंधनावर खर्च होतो, आणि मासळीच्या शोधात घालवलेले तास हा उत्पन्न न देणारा खर्च असतो. शोधाचा वेळ कमी झाल्यास रिकाम्या हाताने परतण्याचा धोका घटतो.

मर्यादा

ढगांमुळे उपग्रहांना समुद्रपृष्ठ दिसत नाही. त्यामुळे ढगाळ दिवसांत सूचना देणे कठीण होते. सूचना थोड्याच काळापुरती उपयोगी असते, कारण पाण्याचे पट्टे प्रवाह व वाऱ्याबरोबर सरकतात. पृष्ठभागावरील निरीक्षणांवरून बांगडा, तारली, कुपा यांसारख्या वरच्या थरातील माशांचा अंदाज अधिक चांगला बांधता येतो. तळाशी राहणाऱ्या माशांबाबत तो तितका उपयोगी नसतो.

सर्वांत महत्त्वाची मर्यादा मासेमारीच्या पद्धतीशी संबंधित आहे. डोळ जाळे एका जागी बांधलेले असते आणि रापण किनाऱ्यावरूनच ओढली जाते. दूरच्या पट्ट्यात मासळी असल्याची सूचना मिळाली तरी या मच्छीमारांना तेथे जाता येत नाही. तेथवर पोहोचणाऱ्या मोठ्या, वेगवान नौकांना मात्र तिचा पूर्ण लाभ घेता येतो. त्यामुळे सर्वांसाठी खुली असलेली माहितीही सर्वांना समान लाभ देत नाही. शिवाय मासळी अचूक शोधता येऊ लागल्यास आधीच ताणाखाली असलेल्या साठ्यांवरील दबाव वाढू शकतो. म्हणून अशा सूचनांना मासेमारीच्या नियमांची जोड आवश्यक मानली जाते.

समुद्राची स्थिती व चक्रीवादळांचे इशारे

लाटांची उंची, वाऱ्याचा वेग, प्रवाह आणि दूरच्या वादळांमुळे येणाऱ्या लांब लाटा यांचे अंदाज इन्कॉइसकडून प्रसिद्ध केले जातात. चक्रीवादळाचे इशारे भारतीय हवामान विभाग देतो. बंदरावर लावला जाणारा तीन नंबरचा बावटा हे इशाऱ्याचे जुने व परिचित साधन आहे. तथापि, इशारा निघण्यापूर्वीच समुद्रात गेलेल्या नौकांना बावटा दिसत नाही.

११ नोव्हेंबर २००९ रोजी महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर आलेल्या फयान चक्रीवादळात ही उणीव ठळकपणे दिसून आली. मासेमारीच्या ऐन हंगामात आलेल्या या वादळात कोकण किनाऱ्यावरील नौका बुडाल्या आणि मच्छीमार बेपत्ता झाले. २०१७ च्या अखेरीस आलेल्या ओखी चक्रीवादळाच्या वेळी केरळ व तमिळनाडूतील खोल समुद्रात गेलेल्या अनेक नौकांनी सिंधुदुर्गातील देवगड बंदरात आश्रय घेतला. मोबाइल संदेश किनाऱ्यापासून सुमारे १० ते १२ किलोमीटरपर्यंतच पोहोचत असल्याने अनेक दिवस समुद्रात राहणाऱ्या नौका इशाऱ्यापासून वंचित राहतात, हे या घटनेतून स्पष्ट झाले.

या अनुभवानंतर इन्कॉइस आणि भारतीय विमानतळ प्राधिकरण यांनी ९ ऑक्टोबर २०१९ रोजी ‘जेमिनी’ हे उपकरण सादर केले. विमानांच्या मार्गदर्शनासाठी उभारलेल्या ‘गगन’ उपग्रह यंत्रणेतून इशारे व मासेमारी क्षेत्राच्या सूचना या उपकरणावर येतात आणि ते मच्छीमाराच्या मोबाइलशी जोडता येते. मात्र ही यंत्रणा एकतर्फी आहे. संकटातील नौकेला तिच्याद्वारे मदत मागता येत नाही. दुतर्फा संपर्काच्या दिशेने पुढचे पाऊल म्हणून एक लाख मासेमारी नौकांवर ट्रान्सपाँडर बसवण्याच्या राष्ट्रीय योजनेचा प्रारंभ ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे करण्यात आला.

जून २०२० मधील निसर्ग आणि मे २०२१ मधील तौक्ते या चक्रीवादळांच्या वेळी इशारे आधीपासून देण्यात आले होते. तरीही घरे, बागा, नौका व जाळी यांची मोठी हानी झाली. वेळेवर मिळालेल्या इशाऱ्याने मनुष्यहानी कमी करता येते. किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या नौकांसाठी सुरक्षित जागा, पक्की घरे आणि विमा यांची गरज त्याने भागत नाही.

मत्स्यसाठ्याचे संशोधन व मासेमारीचे नियम

केंद्रीय सागरी मत्स्यिकी संशोधन संस्थेचे कर्मचारी निवडक बंदरांवर ठरावीक दिवशी उतरलेल्या मासळीची जात, वजन व लांबी नोंदवतात. या नमुन्यांवरून संपूर्ण राज्याच्या उत्पादनाचा अंदाज काढला जातो. अनेक वर्षांच्या नोंदींवरून एखाद्या जातीचे मासे कोणत्या लांबीला प्रजननक्षम होतात, कोणत्या महिन्यांत अंडी घालतात आणि त्यांचा साठा घटत आहे का, हे ठरवता येते.

या संशोधनाचे नियमात रूपांतर झाल्याचे उदाहरण म्हणजे पकडण्यायोग्य माशांची किमान लांबी. केरळने २०१५ मध्ये काही जातींसाठी असा नियम लागू केला. महाराष्ट्र शासनाने सप्टेंबर २०२३ मध्ये संस्थेच्या शिफारशींच्या आधारे ५४ जातींसाठी किमान लांबी निश्चित केली. चंदेरी पापलेटसाठी ती १३५ मिलिमीटर आहे. त्याच महिन्यात चंदेरी पापलेटला राज्य मासा म्हणून घोषित करण्यात आले. पापलेटसाठी प्रसिद्ध असलेल्या पालघर जिल्ह्यातील सातपाटी येथील मच्छीमार सहकारी संस्था लहान पापलेटच्या मासेमारीविरुद्ध दीर्घकाळ भूमिका मांडत आल्या होत्या. पूर्ण वाढ होण्यापूर्वी पकडलेल्या पापलेटला कमी भाव मिळतो आणि पुढील हंगामातील प्रजननही घटते, असे दुहेरी नुकसान यामागे होते.

पर्ससीन मासेमारीचा प्रश्न अधिक वादग्रस्त ठरला. मोठ्या गोल जाळ्याने माशांचा थवाच्या थवा वेढणारी ही पद्धत आणि पारंपरिक मासेमारी यांच्यात रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांत तीव्र संघर्ष झाला. राज्य शासनाने नेमलेल्या डॉ. व्ही. एस. सोमवंशी समितीच्या अहवालानंतर ५ फेब्रुवारी २०१६ रोजी आदेश काढून पर्ससीन मासेमारीचा हंगाम सप्टेंबर ते डिसेंबर असा मर्यादित करण्यात आला आणि परवान्यांची संख्या टप्प्याटप्प्याने १८२ पर्यंत खाली आणण्याचे ठरले. पारंपरिक मच्छीमारांनी निर्बंधांच्या कठोर अंमलबजावणीची मागणी केली, तर पर्ससीनधारकांनी निर्बंधांना विरोध केला.

अंमलबजावणीत कायद्याच्या क्षेत्राचीही अडचण येते. महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ हा राज्याच्या जलधी क्षेत्राला, म्हणजे १२ सागरी मैलांपर्यंत (सुमारे २२ किलोमीटर) लागू होतो. त्यापलीकडील क्षेत्र केंद्र शासनाच्या अखत्यारीत आहे. मासे व नौका दोन्ही ही सीमा ओलांडत असल्याने केवळ राज्याच्या नियमांनी साठ्याचे संपूर्ण संरक्षण होत नाही. या अधिनियमात २०२१ मध्ये सुधारणा करून दंडाच्या तरतुदी अधिक कडक करण्यात आल्या.

जैवविविधता व उपजीविका

संवर्धनाचा भार मच्छीमारांवरच पडू नये, या विचारातून काही योजना आखल्या गेल्या. कासव, डॉल्फिन, देवमासा, व्हेल शार्क (बहिरी) असे संरक्षित जीव जाळ्यात सापडल्यास त्यांना सोडवण्यासाठी अनेकदा जाळे कापावे लागते. अशा वेळी जाळ्याच्या नुकसानीपोटी २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना राज्याच्या कांदळवन कक्षाने व मत्स्यव्यवसाय विभागाने डिसेंबर २०१८ मध्ये सुरू केली. मच्छीमारांनी पाठवलेल्या छायाचित्रांमुळे या जीवांच्या आढळाच्या नोंदीही मिळू लागल्या. अशा रीतीने संशोधनाचा लाभार्थी हा संशोधनातील सहभागीही झाला.

रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास येथे २००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने ग्रामस्थांच्या मदतीने ऑलिव्ह रिडले कासवांच्या घरट्यांचे संरक्षण सुरू केले. पुढे कासव महोत्सवामुळे गावात पर्यटक येऊ लागले आणि घरगुती निवास व भोजन व्यवस्थेतून ग्रामस्थांना उत्पन्न मिळू लागले. जानेवारी २०२२ मध्ये भारतीय वन्यजीव संस्था व कांदळवन प्रतिष्ठान यांनी वेळासच्या किनाऱ्यावर ‘प्रथमा’ नावाच्या मादी कासवाच्या पाठीवर उपग्रह संदेशक बसवला. पश्चिम किनाऱ्यावरील ऑलिव्ह रिडले कासवांबाबतचा हा पहिलाच प्रयोग होता. फेब्रुवारी २०२३ मध्ये गुहागर येथे ‘बागेश्री’ व ‘गुहा’ या कासवांवर संदेशक बसवण्यात आले. त्यांपैकी बागेश्री श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोहोचली. पश्चिम व पूर्व किनाऱ्यांवरील कासवांचा परस्परसंबंध तपासण्यासाठी ही नोंद महत्त्वाची ठरली.

२०१७ मध्ये सुरू झालेल्या कांदळवन संरक्षण व उपजीविका निर्माण योजनेअंतर्गत खेकडापालन, कालवपालन, शिंपलेपालन, शोभिवंत मत्स्यपालन आणि निसर्ग पर्यटन हे व्यवसाय गावातील गटांना सुरू करून दिले जातात. यांत महिला बचत गटांचा सहभाग लक्षणीय आहे. या व्यवसायांसाठी लागणारे तंत्रज्ञान सार्वजनिक संस्थांतील संशोधनातून आले आहे; मात्र खेकड्यांच्या बीजाचा नियमित पुरवठा आणि मालाला खात्रीची बाजारपेठ यांवर त्यांचे यश अवलंबून असते.

याउलट, समाजाला पुरेसे विश्वासात न घेता आखलेल्या संवर्धनाला विरोध झाल्याचे उदाहरण मालवण येथे आढळते. १३ एप्रिल १९८७ रोजी अधिसूचित झालेल्या २९.१२ चौरस किलोमीटरच्या मालवण सागरी अभयारण्याला स्थानिक मच्छीमारांनी दीर्घकाळ विरोध केला. मासेमारीवर निर्बंध येऊन उपजीविका धोक्यात येईल, हे त्यामागील प्रमुख कारण होते.

स्थानिक ज्ञानाचा सहभाग

किनाऱ्यावरील मोठ्या प्रकल्पांच्या वेळी शास्त्रीय अहवाल आणि मच्छीमारांचा अनुभव यांत मतभेद निर्माण होतात. मुंबई किनारी रस्त्याच्या कामात वरळी कोळीवाड्याजवळील पुलाच्या दोन खांबांमधील अंतर ६० मीटर ठेवण्याचे नियोजन होते. भरती-ओहोटीचा प्रवाह, वारा आणि खडक यांमुळे एवढ्या अंतरातून नौका सुरक्षितपणे नेता येणार नाहीत, असे मच्छीमारांचे म्हणणे होते व त्यांनी २०० मीटर अंतराची मागणी केली. आंदोलनानंतर मुंबई महानगरपालिकेने हे अंतर १२० मीटर करण्याचे मान्य केले. मच्छीमारांचा अनुभव अभ्यासाच्या सुरुवातीलाच विचारात घेतल्यास काम सुरू झाल्यानंतर आराखडा बदलण्याची वेळ टळू शकते, हा मुद्दा या प्रकरणातून पुढे आला.

सातारा व सांगली जिल्ह्यांशी संबंध

सातारा व सांगली हे जिल्हे समुद्रकिनाऱ्यापासून सह्याद्रीने विभक्त झालेले आहेत. तथापि समुद्राशी त्यांचा संबंध दोन दिशांनी येतो.

पहिला संबंध पावसाचा आहे. अरबी समुद्रावरून येणारे बाष्पयुक्त वारे सह्याद्रीला अडून महाबळेश्वर, कोयना व पाटण परिसरात अतिवृष्टी करतात. कृष्णा, कोयना व वारणा यांचे पाणी पुढे सांगलीकडे येते. सांगलीतील आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट व धोका पातळी ४५ फूट आहे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. समुद्रात सोडलेले आर्गो तरंगक, नांगरलेले बोये आणि उपग्रह यांनी मोजलेले पाण्याचे तापमान व वारे यांच्या नोंदी हवामानाच्या संगणकीय प्रारूपांत वापरल्या जातात. पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने २०१२ मध्ये सुरू केलेल्या मान्सून मोहिमेत पुणे येथील भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेकडे समन्वयाचे काम होते. याच संस्थेची ढगांच्या अभ्यासासाठीची उंचावरील प्रयोगशाळा २०१२ पासून सातारा जिल्ह्यातील महाबळेश्वर येथे आहे.

या अंदाजांचे महत्त्व धरणाच्या दरवाजांशी जोडलेले आहे. कोयना धरणाची साठवण क्षमता १०५.२५ अब्ज घनफूट आहे. अतिवृष्टीचा अंदाज काही दिवस आधी मिळाल्यास जलाशयात जागा करून ठेवता येते. अंदाज चुकून पाणी आधीच सोडले गेले, तर सिंचन व वीजनिर्मितीला तूट येते. विसर्ग उशिरा केला, तर आधीच भरलेल्या नदीत अधिक पाणी येऊन सांगली, मिरज, पलूस व वाळवा भागातील वस्तीला धोका वाढतो. त्यामुळे अंदाजातील अनिश्चितता किती आहे हेही निर्णय घेणाऱ्यांना स्पष्टपणे कळणे आवश्यक असते.

दुसरा संबंध कोयनेच्या पश्चिमेकडे वळवलेल्या पाण्याचा आहे. कृष्णा पाणी तंटा लवादाने कोयना प्रकल्पाला वीजनिर्मितीसाठी वर्षाला ६७.५ अब्ज घनफूट पाणी पश्चिमेकडे वळवण्यास मान्यता दिली. हे पाणी पोफळी व अलोरे येथील वीजगृहांतून वाशिष्ठी नदीत येते आणि चिपळूणमार्गे दाभोळच्या खाडीत पोहोचते. त्यामुळे मूळची हंगामी स्वरूपाची नदी बारमाही वाहते आणि खाडीतील गोड्या व खाऱ्या पाण्याच्या प्रमाणावर परिणाम होतो. खाडीतील मासे मरण्याच्या घटना व औद्योगिक सांडपाणी यांबाबत दाभोळ खाडीतील मच्छीमार वारंवार तक्रारी करत आले आहेत. सातारा जिल्ह्यातील धरणाचे परिचालन आणि रत्नागिरी जिल्ह्यातील खाडीची मासेमारी यांचा एकत्रित विचार करण्यासाठी जलसंपदा, मत्स्यव्यवसाय व प्रदूषण नियंत्रण या वेगवेगळ्या विभागांच्या नोंदी एकत्र आणाव्या लागतात.

लाभाचे मोजमाप

राष्ट्रीय उपयोजित आर्थिक संशोधन परिषदेने २०२० मध्ये मान्सून मोहीम व उच्च क्षमतेच्या संगणन सुविधांवरील गुंतवणुकीच्या लाभाचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात शेतकरी, पशुपालक व मच्छीमार यांचा समावेश होता. गुंतवलेल्या प्रत्येक रुपयामागे पाच वर्षांत सुमारे ५० रुपयांचा आर्थिक लाभ अपेक्षित असल्याचा निष्कर्ष या अभ्यासात काढण्यात आला. अशा अभ्यासांतून एकूण लाभाचा अंदाज येतो; तो लहान व मोठ्या नौकाधारकांत, खलाशांत आणि मासळी विकणाऱ्या स्त्रियांत कसा वाटला गेला, हे त्यावरून कळत नाही.

अडचणी

संशोधनाचे फलित किनारी समाजापर्यंत पोहोचण्यात पुढील अडचणी दिसून येतात.

भाषा: सूचना मराठीत मिळत असल्या तरी संशोधनाचे अहवाल व पर्यावरणीय परिणामांचे अभ्यास बहुतांशी इंग्रजीत असतात. एकाच माशाला पालघर, रत्नागिरी व मालवण येथे वेगवेगळी नावे असल्याने केवळ शास्त्रीय नाव किंवा प्रमाण मराठी नाव पुरेसे ठरत नाही.

संपर्क: खोल समुद्रात मोबाइल संदेश पोहोचत नाहीत आणि उपग्रह उपकरणे सर्व नौकांवर नाहीत.

विभागणी: मासेमारी, हवामान, बंदरे, वने व प्रदूषण हे विषय वेगवेगळ्या विभागांकडे आहेत, मच्छीमाराला मात्र या सर्वांना एकाच वेळी तोंड द्यावे लागते.

स्त्रियांचा सहभाग: सूचना व उपकरणे प्रामुख्याने समुद्रात जाणाऱ्यांसाठी असतात. सुकवणी, साठवण, बर्फ व बाजारभाव यांविषयी विक्रेत्या स्त्रियांना उपयोगी पडेल अशा माहितीकडे तुलनेने कमी लक्ष दिले गेले आहे.

परतीचा संवाद: सूचना बरोबर ठरली की चूक, हे मच्छीमारांकडून नियमितपणे कळल्याशिवाय तिच्यात सुधारणा होऊ शकत नाही. मासळीची नेमकी जागा उघड करण्यास मच्छीमार स्वाभाविकच तयार नसतात. त्यामुळे अशी माहिती गोळा करताना विश्वास महत्त्वाचा ठरतो.

भारत सरकारने २०१२ मध्ये राष्ट्रीय विदा सहभाजन व सुलभता धोरण स्वीकारले. सार्वजनिक निधीतून गोळा झालेली, संवेदनशील नसलेली माहिती लोकांना उपलब्ध करून देणे हा त्याचा हेतू आहे. माहिती उपलब्ध असणे आणि ती वापरता येणे यांत फरक असल्याने मत्स्य महाविद्यालये, मच्छीमार सहकारी संस्था आणि ग्रामपंचायती यांच्यासारख्या मधल्या दुव्यांची भूमिका महत्त्वाची ठरते.

हेही पाहा

महाराष्ट्रातील मासेमारी
कोळी समाज
रापण
फयान चक्रीवादळ
कोयना प्रकल्प
दाभोळ खाडी
मालवण सागरी अभयारण्य